गुलदार जहाजाचा हिशेब

गुलदार हा शब्द आम्हा कापडवाल्यांना नवा नाही. गुल म्हणजे फूल आणि दार म्हणजे ज्याच्यावर ते आहे तो, हे आम्ही उर्दू शाळेत लहान वर्गातच शिकलो. अल्लीपूरच्या आमच्या दुकानात जुन्या बायका येऊन "गुलदार छीट आहे का?" असे विचारीत, आणि मरहूम अब्बा फळीवरून फुलाफुलांचा तागा खाली काढीत. उत्तरेकडे हाच शब्द बिबट्याला लावतात, कारण त्याच्या अंगावरचे ठिपके फुलांसारखे दिसतात. भारतीय नौदलाने १९८५ साली आपल्या एका जहाजाला गुलदार हे नाव दिले ते बिबट्यावरूनच. त्याच्या जोडीच्या जहाजांची नावे चीता आणि कुंभीर, म्हणजे मगर, अशी होती.

हे गुलदार जहाज आता सिंधुदुर्गाच्या समुद्रात मुद्दाम बुडवण्यासाठी घेतले आहे. अपघात नाही, युद्ध नाही. सरकारने पैसा मंजूर करून, जहाज धुऊन-पुसून, जागा ठरवून ते तळाशी ठेवायचे, म्हणजे त्याच्यावर मासे आणि प्रवाळ वस्ती करतील आणि पाणबुडे ते पाहायला येतील, अशी योजना आहे. पाणबुडे म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणारे लोक.

आमच्या दुकानाला लागून वेल्डिंगचे दुकान आहे. त्या मालकाच्या धाकट्या मुलाने ही बातमी मोबाईलवर पाहिली आणि आमच्याकडे आला. म्हणाला, "चाचा, एवढं लोखंड पाण्यात टाकतात म्हणजे काय? आपल्याला द्या म्हणावं. साऱ्या तालुक्याच्या ट्रॉल्या होतील त्याच्यात." आम्ही हसलो, पण प्रश्न धंद्याचा होता. आणि त्या पोराला तो सुचण्याचे कारणही होते. त्याला किनाऱ्याकडच्या एका जहाज तोडण्याच्या ठेक्यावर गॅस कटिंगच्या कामाचे बोलावणे आले आहे. रोज इथल्यापेक्षा दीडपट, राहणे ठेकेदाराकडे. त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारले, "भाईजान, पाठवू का?" तेव्हापासून आम्ही या विषयाची जमेल तेवढी माहिती गोळा केली. ती आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

प्रथम जहाजाविषयी. गुलदार पोलंड देशात बांधले गेले आणि १९८५ च्या डिसेंबरात नौदलात दाखल झाले. लांबी सुमारे ८४ मीटर, वजन हजार टनांच्या वर. हे तोफा डागत फिरणारे जहाज नव्हते. याचे काम रणगाडे, गाड्या आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्याचे. म्हणून त्याचा तळ सपाट ठेवलेला आणि नाकाडावर मोठे दार. वाळूला जाऊन टेकायचे, दार उघडायचे, माल उतरवायचा आणि मागे सरायचे. गुलदार, चीता आणि कुंभीर ही तिन्ही जहाजे १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे एकाच दिवशी सेवेतून निवृत्त झाली. २००४ च्या त्सुनामीत अंदमानला मदत नेण्याच्या कामीही या जातीची जहाजे आली होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारच्या नौदल तळावर हे जहाज महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली झाले. हवाली करण्याची अट ऐकून आम्हाला आपल्या बाजाराची आठवण झाली: जसे आहे तसे, जिथे आहे तिथे. लिलावाचा माल घेणाऱ्या प्रत्येकाला या सहा शब्दांची किंमत माहीत आहे. माल उचलल्यावर तक्रार नाही. मार्च २०२५ मध्ये ते ओढून विजयदुर्गला आणले गेले. बुडवण्याची जागा ठरली ती वेंगुर्ले तालुक्यातल्या निवतीसमोरच्या खडकांजवळ. केंद्र सरकारने या कामासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. त्यात पाण्याखालचे संग्रहालय, कृत्रिम खडक आणि पर्यटकांना पाण्याखाली नेणारी पाणबुडी असा सगळा बेत आहे. ज्या योजनेतून हा पैसा आला तिच्यात राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीने बिनव्याजी कर्ज मिळते. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी बँकेच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांनी पन्नास वर्षे आणि बिनव्याजी हे दोन शब्द पुन्हा एकदा वाचावेत. असो.

निवतीच्या याच पाण्यासाठी आधी यापेक्षा फार मोठा सौदा ठरला होता. विराट हे विमानवाहू जहाज मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला की विराट निवतीजवळ उभे करायचे आणि त्याच्यात संग्रहालय व हॉटेल काढायचे. अंदाज ८५२ कोटींचा. एवढा पैसा लावायला कोणी पुढे आले नाही. शेवटी २०२० मध्ये लिलावात ३८.५४ कोटींना ते भंगारात गेले आणि सप्टेंबरात गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर चढवले गेले. त्यापूर्वीचे जुने विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे उभे होते. तेही २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकले गेले आणि मुंबईतच तोडले गेले. त्याच्या लोखंडाचा काही भाग एका मोटारसायकल कंपनीने घेतला आणि २०१६ मध्ये त्या लोखंडाच्या नावावर गाडी विकली. हिंगणघाटच्या रस्त्यावर आम्ही ती गाडी पाहिली आहे. टाकी थापटून मालक म्हणायचा, "हे विक्रांत आहे."

म्हणजे निवृत्त जहाजापुढे तीन वाटा. एक, उभे ठेवायचे. ही वाट सर्वांत महाग, कारण खाऱ्या पाण्यात लोखंड रोज गंजते आणि रंगरंगोटी कधी संपत नाही. दुसरी, तोडायचे आणि लोखंड, तांबे, पितळ विकायचे. तिसरी, बुडवायचे. वेल्डिंगवाल्याच्या पोराला वाटते की तिसऱ्या वाटेत माल फुकट जातो. तसे नाही. बुडवण्याआधी जहाजातून यंत्रे, तांब्याच्या तारा, पितळी नळ-झडपा असा भाव येणारा बराच माल काढून घेता येतो, आणि त्यातला बराचसा काढावाच लागतो. पाण्यात जाते ते मुख्यतः कवच. पण कवचात जे चिकटून राहते त्याचाच खरा प्रश्न आहे.

जहाज बुडवण्यालायक करायचे म्हणजे काय करायचे, ते थोडक्यात सांगतो. तेलाच्या टाक्या आणि नळ्या रिकाम्या करून आतून हाताने पुसून काढायच्या. हे काम चिंध्यांनी होते, आणि इथे आमचा धंदा येतो. होजिअरी कारखान्यांतून निघणारी बनियनची कातरण आणि जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या इंजिनवाल्यांकडे पोत्यांनी जातात. सुती चिंधीच चालते, कारण नायलॉन-पॉलिस्टर तेल पीत नाही, नुसते पसरवते. पांढऱ्या चिंधीला रंगीतपेक्षा भाव जास्त. मात्र तेल प्यालेली चिंधी हा धोकादायक कचरा ठरतो आणि तिची रीतसर विल्हेवाट लावावी लागते. पुढे, जुन्या विजेच्या तारा. पूर्वी तारांच्या आवरणात आग लागू नये म्हणून पीसीबी नावाचे रसायन घालीत. ते नासत नाही, कुजत नाही. माशाच्या चरबीत साठते आणि माशातून माणसाच्या ताटात येते. त्यानंतर शिशाचे रंग. बुडाला लावलेला विषारी लेप, जो समुद्री जीव चिकटू नयेत म्हणूनच लावलेला असतो. ज्या जहाजावर जीव वसवायचे त्याच्यावर तो ठेवून चालणार नाही, हे उघड आहे. मग गाद्या, प्लास्टिक, थंडगार कोठ्यांतला वायू. हे सगळे काढल्यावर दारे उखडायची आणि भिंतींना मोठमोठी भोके पाडायची. आत शिरलेल्या पाणबुड्याला प्रत्येक खोलीतून उजेड दिसला पाहिजे आणि दोन बाजूंनी बाहेर पडता आले पाहिजे.

आणि ॲसबेस्टॉस. या एका जिनसापाशी आम्हाला थांबावे लागेल, कारण त्याचा आणि आमच्या दुकानाचा संबंध आला आहे.

१९९५ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही पंचविशीचे होतो, अब्बा हयात होते. मालासाठी मुंबईला गेलो होतो. मंगलदास मार्केटमधले काम आटोपल्यावर एका ओळखीच्या माणसाने जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडे नेले. त्याच्याकडे तोडलेल्या जहाजांतून निघालेले कॅनव्हास, दोर, घोंगड्या असा लॉट होता. त्यात करड्या-पांढऱ्या कापडाचे काही तुकडे होते. जाड, वजनदार, हाताला साबण लावल्यासारखे लागणारे. व्यापाऱ्याने काडी पेटवून कापडाला लावली. कापड जळाले नाही, काळेही पडले नाही. आम्ही सुताची, रेशमाची, लोकरीची पारख करणारी माणसे. न जळणारे कापड आम्ही प्रथमच पाहिले. भाव रद्दीचा होता. आम्ही सगळे तुकडे उचलले.

अल्लीपुरात ते हातोहात गेले. इस्त्रीवाल्याने टेबलावर अंथरायला नेले. भट्टीवाल्या हलवायाने कढई धरायला नेले. वेल्डिंगच्या दुकानात, म्हणजे याच शेजारच्या दुकानात, ठिणग्या अडवायला पडदा म्हणून दोन तुकडे गेले. मोठा तुकडा कात्रीने कापून देताना बारीक धूळ उडायची, ती आम्ही फुंकर मारून उडवायचो. कापडाच्या दुकानात तंतू उडतातच. जिनिंगमध्ये तर रुईचा धुरळा डोळ्यांपुढे तरंगत असतो. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

ते ॲसबेस्टॉसचे कापड होते. ॲसबेस्टॉस हा दगड आहे, पण तंतूंचा दगड. त्याचे सूत काततात, कापड विणतात, आणि जहाजातल्या वाफेच्या नळ्यांना व बॉयलरला ते गुंडाळतात. कापसाचा तंतू तुटतो तो आडवा. ॲसबेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो, बारीक होत होत डोळ्यांना दिसेनासा होतो. श्वासातून फुफ्फुसात गेला की तिथेच रुततो. शरीर त्याला विरघळवू शकत नाही. आजार लगेच होत नाही. दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी फुफ्फुसे कडक होतात किंवा कर्करोग होतो. तोपर्यंत कोणाला आठवतही नाही की कधी काय हाताळले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्येच, म्हणजे आम्ही तो लॉट घेतला त्याच सुमारास, ॲसबेस्टॉसच्या कामगारांबाबत निकाल दिला होता की प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून निदान चाळीस वर्षे ठेवावी. चाळीस वर्षे! आमच्या खतावण्याही आम्ही इतकी वर्षे ठेवीत नाही.

आम्हाला हे कळले २००६ साली, एका वर्तमानपत्रातून. फ्रान्सचे क्लेमान्सो हे जुने विमानवाहू जहाज तोडण्यासाठी अलंगला येत होते. त्यात टनावारी ॲसबेस्टॉस आहे म्हणून देशात गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जहाज परत बोलावले. शेवटी ते इंग्लंडमध्ये तोडले गेले. त्या बातमीत ॲसबेस्टॉसच्या कापडाचे वर्णन होते. आम्ही वर्तमानपत्र घेऊन उठलो आणि इस्त्रीवाल्याकडे गेलो. त्याच्या टेबलावर तो तुकडा अजून होता, अकरा वर्षांचा, कडांनी विरलेला. आम्ही नवीन घोंगडी आणि चादर देऊन तो परत घेतला. वेल्डिंगच्या दुकानातले दोन्ही तुकडे मिळाले. हलवायाचा मिळाला नाही; तो गाव सोडून गेला होता. परत मिळाले ते ओले करून, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवले. ते कुठे द्यायचे हे विचारायला आम्ही तीन कार्यालये फिरलो, आणि तिन्ही ठिकाणी आमच्याकडे वेड्यासारखे पाहिले गेले. पुरे कसे झाले ते सांगत बसत नाही. इस्त्रीवाला चाचा आता सत्तरीच्या पुढे आहेत, थोडा दम लागतो. त्यांची दोनदा छातीची फोटो काढून तपासणी करवली. डॉक्टर म्हणतात विडीचा परिणाम असेल. असेलही.

हे लिहिले ते वाचकांची सहानुभूती मिळवायला नाही. भंगाराच्या लॉटमधून काय गावात येते, ते घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही माहीत नसते, हे सांगायला लिहिले.

क्लेमान्सोचे जुळे भावंड फॉश. ते फ्रान्सने ब्राझीलला विकले, तिथे त्याचे नाव साओ पाउलो झाले. निवृत्तीनंतर ब्राझीलने ते तोडण्यासाठी तुर्कस्तानला पाठवले. २०२२ मध्ये तुर्कस्ताननेही ॲसबेस्टॉसच्या भीतीने घेतले नाही. परत फिरवले तर ब्राझीलचे कोणते बंदर आत घेईना. शेवटी ३ फेब्रुवारी २०२३ रोजी त्या देशाच्या नौदलाने ते भर अटलांटिक महासागरात, सुमारे पाच हजार मीटर खोल पाण्यात, विषासकट बुडवून टाकले. याला कृत्रिम खडक म्हणत नाहीत. त्या खोलीत ना पाणबुडा जातो ना प्रवाळ वाढते. नको असलेला माल रात्री दुसऱ्याच्या अंगणात टाकण्याचा हा प्रकार. वेल्डिंगवाल्याच्या पोराला आम्ही हा फरक असा सांगितला, की गुलदारचे काय करायचे हा प्रश्न बुडवावे की नाही एवढाच नाही. किती धुऊन बुडवले, हा आहे.

धुण्याचा खर्च कमी नसतो. अमेरिकेने ओरिस्कनी हे विमानवाहू जहाज १७ मे २००६ रोजी फ्लोरिडाच्या पेन्साकोला गावासमोर बुडवले. स्फोटके लावल्यावर ते ३७ मिनिटांत तळाशी गेले. पण त्याआधीच्या तयारीत कित्येक महिने गेले, आणि सगळा खर्च सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत पोचला. एवढे करूनही तारांच्या आवरणातले काही पीसीबी आतच राहिले. सरकारी खात्याने धोका मोजून तेवढ्याला परवानगी दिली. जहाज सरळ बसले, आजही पाणबुडे तिथे जातात. २००८ च्या वादळात ते आणखी दहा फूट खाली सरकले.

सगळी जहाजे अशी आज्ञाधारक नसतात. फ्लोरिडातच स्पीगल ग्रोव्ह नावाचे जहाज मे २००२ मध्ये बुडवायचे होते. हेही गुलदारसारखे सैन्य उतरवण्याच्या कामाचे, पण आकाराने जवळजवळ दुप्पट लांब. ते ठरल्या वेळेच्या आधीच बुडू लागले, आणि उलटे झाले. नाकाड पाण्याच्या वर, बाकीचे खाली. कामगारांना पळावे लागले. पुढे पुष्कळ पैसा ओतून त्याला कुशीवर पाडले. तीन वर्षे ते कुशीवर पडून होते. २००५ मध्ये चक्रीवादळ आले आणि त्याने ते जहाज उचलून सरळ बसवले. इंजिनिअरांना जे जमले नाही ते वादळाने फुकटात केले. त्याच जहाजाच्या आत खोलवर शिरलेले तीन पाणबुडे २००७ मध्ये बाहेर येऊ शकले नाहीत. म्हणून वर म्हटलेल्या भोकांना आणि दारे उखडण्याला एवढे महत्त्व. गुलदारचा तळ सपाट आहे, ही त्याची जमेची बाजू समजायला हरकत नाही.

स्वस्तात काम उरकण्याचे उदाहरणही फ्लोरिडाचेच आहे. १९७२ मध्ये फोर्ट लॉडरडेल शहरासमोर सुमारे वीस लाख जुने टायर गठ्ठे बांधून समुद्रात टाकले. हेतू चांगला, टायरही खपले आणि माशांना घरही मिळाले, असे वाटले. गठ्ठ्यांच्या पट्ट्या गंजून तुटल्या, टायर सुटे झाले आणि लाटांबरोबर घरंगळत जवळच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळू लागले. पुढे लष्कराचे पाणबुडे लावून ते वेचावे लागले. खडक तो, जो हलत नाही.

आता माशांविषयी. लोखंड तळाशी गेले की काही दिवसांत त्याच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो. त्याच्यावर शिंपल्यांच्या जातीचे चिकटणारे जीव, कालवे, मग मऊ प्रवाळ. लहान मासे आडोशाला येतात, त्यांना खायला मोठे येतात. तांबोशी, गोबरा, शेवंड यांना असल्या कपारी आवडतात. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहे. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची पाणबुड्यांना शिक्षण देणारी संस्था आहे. म्हणजे पाहणारे गिऱ्हाईक तिथे आधीपासून आहे. गुलदारवर काही गर्दी वळली तर जिवंत प्रवाळाला हात लावणारे, त्याच्यावर पाय ठेवणारे लोक तेवढे कमी होतील, असा या योजनेमागचा एक विचार.

पण जाणकारांत एक जुना वाद आहे, तो व्यापाऱ्याला चटकन समजेल. एखाद्या गावात नवा आठवडी बाजार भरू लागला की तिथे गर्दी दिसते. ती गर्दी नव्या गिऱ्हाइकाची, की शेजारच्या चार गावांच्या बाजारांतून ओढून आणलेली? बुडवलेल्या जहाजावर मासे दिसतात ते तिथे जन्मून वाढले, की आजूबाजूचेच एका जागी गोळा झाले? नुसते गोळा झाले असतील आणि तिथेच जाळी टाकली, तर समुद्रातले मासे वाढण्याऐवजी लवकर संपतील. म्हणून बुडवलेल्या जहाजाभोवती मासेमारीचा नियम काय, हे जहाजाइतकेच महत्त्वाचे. रापण ओढणारे, छोट्या होड्यांनी गळ टाकणारे आणि यांत्रिक जाळ्यांचे मोठे मालक यांच्यात सिंधुदुर्गात पूर्वीपासून कुरबुरी आहेत. तळाशी जहाज असले की ओढत नेण्याची मोठी जाळी तिथे अडकून फाटतात, ही छोट्यांच्या सोयीची गोष्ट. मात्र तीच जागा पर्यटकांसाठी म्हणून छोट्यांनाही बंद झाली, तर सोयीचे काय राहिले? हे आधी लिहून घेतलेले बरे. तोंडी सौद्यात नेहमी लहान माणूस हरतो, हे आम्ही उधारीच्या वहीवरून सांगू शकतो.

कमाईचे म्हणाल तर जहाज पाहायला येणारा माणूस पाण्यात तासभरही नसतो. बाकीचे दोन दिवस तो जमिनीवर खातो, राहतो, फिरतो. होडी, खोली, जेवण, रिक्षा. पाणबुड्याचा काळा पोशाख म्हणजे रबराच्या फेसावर दोन्ही बाजूंनी नायलॉनचे विणलेले कापड. तो फाटतो, उसवतो आणि त्याला शिवणारा साधा शिंपी चालत नाही, शिकलेला लागतो. जीवरक्षक जाकिटांची खोळ, होडीची ताडपत्री, खोल्यांच्या चादरी, हे सगळे शिवणकाम आहे. हंगाम मात्र पावसाळा सोडून, साधारण ऑक्टोबर ते मे. खवळलेल्या आणि गढूळ पाण्यात कोणी उतरत नाही. आमच्या कापसाच्या हंगामासारखेच, चार महिने हात बांधून बसायचे.

वर्ध्याहून हे सगळे दूर वाटते. पण पवनारहून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत जो शक्तिपीठ महामार्ग सरकारने आखला, त्याची लांबी मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर होती. एक टोक आमच्या जिल्ह्यात, दुसरे त्या समुद्राजवळ. शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. तो विषय वेगळा.

लष्कराच्या निकामी मालाचा प्रश्न तर आमच्या जिल्ह्याला नवीनच नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या दारूगोळा आगाराजवळ, सोनेगाव आबाजीच्या माळावर, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत ठेक्यावरचे मजूर होते. त्या भागातल्या गावांना त्या कामातून रोज मिळतो आणि वेचलेल्या धातूला भाव मिळतो, म्हणून माणसे जातात. जाणाऱ्याला पेटीत काय आहे हे कोण सांगतो?

म्हणून वेल्डिंगवाल्या भावाला आम्ही "पाठवू नका" असे म्हटले नाही. पोरगा हुशार आहे, हात बसलेला आहे, आणि अल्लीपुरात नांगर-ट्रॉलीच्या कामावर त्याचे घर चालणे कठीण आहे. गुलदारसारख्या कामांत कापणारे कुशल हात लागणारच. आम्ही फक्त इतकेच म्हटले की ठेकेदाराला फोन करून चार गोष्टी विचारा. कापण्याआधी जहाजात ॲसबेस्टॉस कुठे आहे याची यादी झाली आहे का, आणि ते काढणारी माणसे वेगळी आहेत की कटिंगवाल्यांनीच ओरबाडून बाजूला टाकायचे आहे? तोंडाला बांधायला काय देतात? रुमाल किंवा कापडी पट्टी असेल तर ती या धुळीला अडवत नाही. घट्ट बसणारा, बदलता येणाऱ्या गाळणीचा मास्क लागतो. बंद टाकीत शिरण्याआधी आतली हवा तपासतात का, कारण रिकाम्या तेलाच्या टाकीत ठिणगी गेली की संपले. आणि नाव हजेरीपटावर लागते का, विम्याचा कागद हातात मिळतो का, छातीची तपासणी कामावर घेतानाच करतात का. ही शेवटची गोष्ट लोकांना फालतू वाटते. पण सुरुवातीचा फोटो नसेल तर वीस वर्षांनी काय बिघडले आणि कशाने, हे कोणत्या कोर्टात दाखवणार?

पोराने परवा आमच्या दुकानात बसूनच फोन लावला. ठेकेदाराचा मुनीम बोलला. मास्क देतो म्हणाला, विमा आहे म्हणाला. ॲसबेस्टॉसच्या यादीचे विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मालकांना विचारून सांगतो." पोराने फोन ठेवला आणि आमच्याकडून दोन मीटर जाड सुती ड्रिल कापून नेले, कामाच्या कपड्यांसाठी. नायलॉन मिसळलेले कापड ठिणगीने अंगाला चिकटते, हे त्याला सांगावे लागले नाही.